एकादशीची मोटार

कीर्तन म्हटलं की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत. शाळा सुटली की टाळ पिशवीत घालायचे आणि निघायचं. बायको म्हणते, "दिंडी दरवाजातून मांजर जावं तसं जाता. आला म्हणून कळत न्हाई की गेला म्हणून." खरं आहे. रखमाजीबुवा पुढं उभे राहिले, मच्छिंद्रनं मृदंगावर थाप दिली आणि बुवांनी चाल धरली, की मला घर, शाळा, हजेरीपट काही आठवत नाही. बुवांच्या मागं उभा राहून मी वीस वर्षं टाळ धरले. तेवढ्या पुण्यावर माझं भागेल असा माझा समज आहे.

ही हकीकत चोपन्न सालची. ती बुवांची नाही, माझीही नाही. आम्हाला कीर्तनाला पोचवणाऱ्या कचरूलाल शेठची आहे.

शेठ म्हणजे बदनापूर स्टेशनासमोरचे भुसार व्यापारी. घराणं मूळचं राजस्थानचं, पण पणजोबांपासून इथलंच पाणी प्यालेलं. वय सहासष्ट. दुकान मुलगा नवलकिशोर बघायचा. शेठकडं एका जहागीरदाराकडून घेतलेली कापडी टपाची जुनी मोटार होती, आणि तिच्यावर त्यांचा नातवापेक्षा जास्त जीव होता.

कीर्तनाची आवड शेठला माझ्याएवढीच, किंबहुना जास्त. पण देवानं गळा दिला नव्हता, आणि ताल देताना तर तो बहुतेक दुसरीकडं बघत होता. एकदा बुवांनी मोठ्या मनानं त्यांच्या हाती टाळ दिले. शेठनी डोळे मिटून ते असे वाजवले की मच्छिंद्र दोनदा थांबला, आणि तिसऱ्यांदा मृदंग मांडीवरून खाली ठेवून शेठकडं बघत बसला. टाळ परत गेले. शेठ आठ दिवस दुकानाच्या गादीवर गप्प बसून होते. नवव्या दिवशी मोटार घेऊन बुवांच्या दारात आले.

"बुवा," ते म्हणाले, "मला गळा न्हाई, ताल न्हाई. चार चाकं आहेत. ती तरी कीर्तनाला लागू द्या."

तेव्हापासून बारा वर्षं बुवांची स्वारी शेठच्या मोटारीतून. एक एकादशी टेंभुर्णीला, एक शहागडला, मधे कुणी बोलावलं तर तिकडं. मोटार शेठच हाकणार. नवलकिशोरनं एकदा "बाबूजी, मी नेतो" म्हटलं तर शेठ म्हणाले, "मंग मी तिथं जाऊन काय करू? सतरंजी उचलू?" कीर्तनात त्यांची जागा म्हणजे ते चाक. दुसरी नाही.

शेठची एकादशीही अशीच पक्की. सकाळी तुळशीचं पाणी पळीभर, मग दुसऱ्या दिवशी पारण्यापर्यंत काही नाही. पाणीसुद्धा नाही. देवाचं तीर्थ मिळालं तर चमचाभर, तेवढंच. बावीस वर्षांत एक चुकली नव्हती. त्यांच्या शेजारी बसून आम्हाला सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचा धीर व्हायचा नाही.

आदल्या दिवाळीत शेठला मधुमेह निघाला. हैदराबादच्या एका मोठ्या डॉक्टरनं रोज सकाळी सुई घ्यायला सांगितली. काचेची पिचकारी उकळून ती सुई त्यांच्या पत्नी सुगनबाई द्यायच्या. शिवाय एका निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून, नळी दिव्यावर धरून रंग बघायचा. साखर असली की रंग हिरवा, पिवळा, विटकरी होत जातो. नसली की निळा तो निळाच. शेठची नळी एरवी हिरवट यायची, एकादशीला मात्र निळीशार.

"बघा मास्तर," शेठ मला नळी दाखवून म्हणाले, "बाकीचे दिवस कसाही रंग. एकादशीला सावळा."

अशा ठिकाणी देव बघावा की बघू नये, याबद्दल मी काही बोलत नाही. पण तेव्हा मी हात जोडले होते, हे लपवत नाही.

आणि त्याच सुमाराला एकादशीच्या दिवशी शेठच्या अंगात भाव यायला लागला.

पहिल्यांदा टेंभुर्णीच्या वाटेवर. दुपार कलली होती. शेठनी मोटार एका बाभळीसमोर उभी केली, खाली उतरले, बाभळीला नमस्कार केला आणि म्हणाले, "बुवा, पुढं बसा, मागं धूळ लागते." बुवा मागच्या सीटवरून बघत होते. शेठच्या कपाळावर घाम डवरला होता, डोळे लांब कुठंतरी लागले होते, ओठांवर हसू. असं हसू मी फक्त चित्रातल्या संतांच्या तोंडावर बघितलं होतं.

"यांना झाडाझाडात दिसून राह्यलंय," मच्छिंद्र हळूच म्हणाला.

मी खाली उतरून शेठच्या पायावर डोकं ठेवलं. शेठनी मला आशीर्वाद दिला, तोही "सौभाग्यवती भव" असा. आम्ही त्यातही अर्थ काढला.

दुसऱ्यांदा शहागडला. पुलाकडं न वळता मोटार सरळ गोदावरीच्या वाळूत गेली आणि रुतून बसली. शेठ चाक फिरवतच होते. चाळीस माणसांनी मोटार ओढून काढली आणि त्यातल्या निम्म्यांनी शेठच्या गळ्यात हार घातला. देवळात गेल्यावर पुजाऱ्यानं चमचाभर पंचामृत हातावर दिलं, ते घेतल्यावर थोड्या वेळानं शेठ इकडंतिकडं बघून म्हणाले, "माझ्या टोपीत वाळू कशी?" आम्ही म्हणालो, समाधी उतरली.

मग काय विचारता. एकादशीला मोटार निघायच्या वेळी स्टेशनासमोर दर्शनाला माणसं जमायला लागली. बुवांनी निरूपणात शेठचा दृष्टांत दिला. ज्याचं चाकावरून भान सुटतं पण नामावरून सुटत नाही, असा सारथी आम्हाला लाभला, असं म्हणाले. मी मागं उभा राहून डोळे पुसले. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तो वेगळ्या कारणानं. सहा माणसं बसलेली मोटार हाकणाऱ्याचं चाकावरून भान सुटतं, आणि आम्ही टाळ वाजवतो.

माघ संपता संपता शेठच्या लायसनची मुदत भरली. कचेरीतल्या कारकुनानं त्यांचं वय आणि आजार ऐकून सांगितलं, "डॉक्टरचा दाखला आणा. हा माणूस मोटार चालवायला धड आहे, असं लिहून पाहिजे."

सरकारी दवाखान्यात डॉक्टर सईदुद्दीन नवे आले होते. शिकले हैदराबादला, पण घर अंबडकडचं, त्यामुळं बोलणं आमच्यासारखंच. माणूस हसतमुख, पण एकदा चष्मा लावून कागद पुढं ओढला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. शेठबरोबर मी गेलो.

डॉक्टरनी डोळे तपासले. भिंतीवरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ शेठनी धडधड वाचली आणि खाली छापखान्याचं बारीक नाव होतं तेही वाचलं. मग डॉक्टर पाठीमागं जाऊन अगदी कुजबुजले, "शेठजी, हरभरा काय भाव?"

"कोणता हरभरा? नवा का जुना?" शेठनी वळूनही बघितलं नाही.

"कान बराबर आहेत," डॉक्टर म्हणाले.

बाहेर त्या दिवशी बाजार होता. डॉक्टर मोटारीत बसले. शेठनी बोळातून, शेळ्यांतून, मिरचीच्या ढिगांमधून मोटार काढली, आणि गोण्यांनी लादलेल्या दोन बैलगाड्यांच्या मधून ती मागं घेतली. इकडं चार बोटं, तिकडं चार बोटं. डॉक्टरनी खिशातला रुमाल काढून स्वतःचं कपाळ पुसलं.

"शेठजी, माझा दाखला तुम्हीच लिहा," ते म्हणाले. दवाखान्यात येऊन त्यांनी टाक दौतीत बुडवला, आणि तेवढ्यात दारात सुगनबाई उभ्या राहिल्या.

सुगनबाईंना मी काकी म्हणतो. परक्या पुरुषासमोर त्या ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेतात आणि त्याच्याशी थेट बोलत नाहीत. डॉक्टर तीन हातांवर बसलेले, तरी काकी माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "मास्तर, डॉक्टरसाबला सांगा, दाखला आज लिहू नका म्हणावं."

"दाखला आज लिहू नका," मी डॉक्टरना सांगितलं.

"ऐकलं मी," डॉक्टर म्हणाले. "का म्हणून विचारा."

"का म्हणून?"

"माझे कान गेलेत का मास्तर?" काकींनी ओढणीआडून पंचांग काढलं. "हे बघा म्हणावं."

शेठ उठून उभे राहिले. "तू इथं कशाला आलीस?"

काकींनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. पंचांगाच्या पानांवर कुंकवाचे ठिपके होते. ज्या ज्या दिवशी शेठचं काही तरी बिघडलं, त्या दिवशी काकींनी एक ठिपका दिला होता. बाभळीचा दिवस. वाळूचा दिवस. घरी कोटाच्या बाहीत पाय घालायला गेले तो दिवस. डॉक्टरनी पानं उलटली. ठिपके सारख्या अंतरावर होते, कुणी पट्टीनं आखून दिल्यासारखे.

"हे काय आहे दर पंधरा दिवसांनी?" डॉक्टरनी मला विचारलं.

"एकादशी," मी अभिमानानं म्हणालो. "त्या दिवशी शेठला भाव येतो."

"भाव येतो म्हंजे काय होतं?"

मी सांगितलं. घाम येतो, हात कापतात, डोळे तारवटतात, बोलणं या जगातलं राहत नाही. मी चांगलं रंगवून सांगितलं, कारण हे सांगायची मला सवय झाली होती.

"अन् हा भाव उतरतो कधी?"

"देवाचं तीर्थ घेतल्यावर."

"तीर्थात काय असतं?"

"दूध, दही, तूप, मध, साखर," मी म्हणालो.

डॉक्टरनी टाक खाली ठेवला. बराच वेळ ते माझ्याकडं बघत होते. मी शाळेत पाढे चुकलेल्या पोराकडं बघतो तसं.

"शेठजी, एकादशीला सुई घेता?"

"रोज घ्यायची सांगितली, रोज घेतो. डॉक्टरचं मी कधी मोडत न्हाई."

"अन् जेवता?"

"एकादशीला?" शेठच्या आवाजात दुखावल्याचा सूर होता. "देवाचंही मी कधी मोडत न्हाई."

तिथंच सगळं होतं. सुई रक्तातली साखर खाली ओढते, म्हणून वर खाणं लागतं. शेठ सुई पूर्ण घेत होते आणि खाणं शून्य. दोघांचंही ऐकणारा माणूस दुपारपर्यंत कोरडा पडायचा, आणि साखर उतरली की माणसाला दारू न पिता झिंग चढते, असं डॉक्टरनी समजावलं. "अजून खाली गेली तर बेशुद्ध. अन् हातात मोटार."

"डॉक्टरसाब, तो भक्तीचा अंमल आहे," शेठ शांतपणे म्हणाले. "तुम्हाला पटणार न्हाई. पण साऱ्या तालुक्यानं बघितलाय."

"मंग मलाही बघू द्या. येती एकादशी, दुपारी तीन वाजता. रस्त्यावर न्हाई, स्टेशनामागच्या मोकळ्या रानात. मी शेजारी बसतो. बराबर चालवली तर तिथंच दाखला. न्हाई चालवली तर मोटार बंद, शेठजी. बिलकुल बंद."

शेठ म्हणाले, "कबूल." ओढणीमुळं काकींचं तोंड दिसत नव्हतं, पण पंचांग त्यांनी छातीशी धरलं होतं.

होळीच्या आधीची एकादशी आली. स्टेशनामागं खळी लागली होती, ज्वारीची मळणी चालू होती. एकीकडं बरंच मोकळं रान. डॉक्टरनी तीन ठिकाणी काठ्या रोवून वर फडकी बांधली होती आणि चुन्याची एक रेघ मारली होती. काठ्यांना वळसा घालून मोटार रेघेवर थांबवायची, एवढंच. पण गावाला वाटलं, शेठच्या भावाची सरकारी तपासणी आहे. बाया फुलं घेऊन आल्या. कुणी तरी उदबत्तीसुद्धा लावली. शहागडला निघायच्या तयारीनं बुवा फेटा बांधून आले होते, मच्छिंद्र मृदंग घेऊन.

"गोळा झाली का सगळी जत्रा?" डॉक्टर मला म्हणाले. मोटारीत फक्त ते आणि शेठ. डॉक्टरनी बसल्या बसल्या उजवा हात हातब्रेकवर ठेवला होता.

शेठचं कपाळ ओलं होतं. पण पहिल्या काठीला त्यांनी सुरेख वळसा घातला. लोकांनी नामाचा गजर केला. दुसऱ्या काठीला मोटार जरा लांबून गेली. तिसरी काठी शेठनी बघितलीच नाही. मोटार पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, मोठ्या निवांतपणे, तडक पुंजारामच्या खळ्यात शिरली.

पुंजाराम हा तिथला शेतकरी. खळ्याच्या मधोमध खांब, त्याला बांधलेले चार बैल कणसांवरून गोल फिरत होते. मोटार त्या बैलांच्या मागं लागली आणि त्यांच्याबरोबर गोल फिरायला लागली. एक फेरा, दुसरा फेरा. शेवटच्या बैलानं मान वळवून बघितलं आणि पुन्हा चालायला लागला. शेठच्या तोंडावर तेच हसू.

"प्रदक्षिणा," माझ्या शेजारची द्वारकाबाई पुटपुटली आणि तिनं खळ्याकडं फुलं उधळली.

डॉक्टर ब्रेक ओढायला गेले, तर पुंजाराम मोटारीबरोबर पळत म्हणाला, "साहेब, राहू द्या की अजून दोन फेरे. बैलांपरीस दाणा भारी पडून राह्यलाय."

डॉक्टरनी ब्रेक ओढला. मोटार आचका देऊन थांबली. बैल पुढं निघून गेले, आणि शेठ हात हलवून त्यांना निरोप देत होते.

मी धावत गेलो. जवळून बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. शेठचा सदरा पाठीला चिकटला होता. बोटं थरथरत होती. त्या हसण्यामागं कुणी नव्हतं. डॉक्टरनी पुंजारामकडून गूळ घेऊन तांब्यातल्या पाण्यात कालवला आणि ओठांना लावला. शेठनी दात मिटले आणि मान फिरवली. भान गेलं होतं, पण एकादशी गेली नव्हती.

"शेठजी, प्या."

मान आणखी फिरली.

"बुवा, तुम्ही सांगा, जल्दी," डॉक्टर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. बुवा पुढं झाले, "शेठ, घ्या," म्हणाले. शेठनी बुवांना ओळखलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून काकी आल्या. त्यांनी ओढणी मागं सारली. मी त्या घरी वीस वर्षं जातोय, काकींचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. गोरं, सुरकुतलेलं, रडून सुजलेलं. त्यांनी शेठची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. शेठनी बराच वेळ निरखून बघितलं. मग लहान पोरासारखा आवाज आला.

"मां," ते म्हणाले. "भूख लागी."

आणि त्यांनी आ केला.

काकींनी तांब्या तोंडाला लावला. निम्मा पाजला, मग गुळाचा खडा जिभेवर ठेवला, मग उरलेलं पाजलं. द्वारकाबाईच्या हातातली फुलं तशीच होती. पाव तास गेला असेल. शेठच्या डोळ्यांत हळूहळू कुणी तरी परत आलं. त्यांनी काकींना बघितलं, उघडं डोकं बघितलं आणि दचकून म्हणाले, "पदर घे. लोक बघून राह्यले." मग खालची ज्वारी बघितली. "मोटार खळ्यात कुणी घातली?"

पुंजारामनं आदरानं त्यांच्याकडं बोट दाखवलं.

शेठ खाली उतरून मोटारीच्या पायरीवर बसले. ओठांवर जीभ फिरवली, आणि तिथं गूळ लागला. त्यांना कळलं. तो चेहरा मला आठवतो. आम्ही सगळे मान खाली घालून उभे राहिलो.

"बावीस वर्षं," शेठ म्हणाले.

डॉक्टर त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. "दाखला न्हाई देता येत, शेठजी. सहा माणसं बसतात तुमच्या मागं."

"समजलं." शेठनी किल्ली काढून मांडीवर ठेवली. "एकाच दुपारी दोन्ही गेलं. एकादशीही अन् चाकही."

"चाक परत येईल. सुई घेतली की खायचं, एकादशी असली तरी."

"सुईच घेतली न्हाई तर?"

"मंग एकादशी राहील, तुम्ही न्हाई राहणार." डॉक्टर बुवांकडं वळून म्हणाले, "आमच्यात आजारी माणसाला रोजा माफ असतो. तुमच्यात असं काही न्हाई का, बुवा?"

"आहे की," बुवा म्हणाले. "म्हातारा, रोगी, लेकरू, सगळ्यांना सूट आहे."

"मंग आजवर सांगितलं का न्हाई?"

"कुणी विचारलं न्हाई."

शेठनी मान वर केली. "सूट ज्याला निभत न्हाई त्याला. बुवा, तुम्ही माझ्याच वयाचे. तुम्ही घेता का सूट?"

बुवा फेट्याचा शेमला चाचपायला लागले. कीर्तनात हजार माणसांसमोर ज्यांचा शब्द कधी अडला नाही, ते रखमाजीबुवा पुंजारामच्या बैलांकडं बघत उभे होते.

"रताळी," शेवटी ते म्हणाले.

"काय?"

"एकादशीला मी दोन रताळी खाऊन निघतो, शेठ. कधी तीन. पहिल्यापासून. तुम्ही पाणीसुद्धा न घेता मोटार हाकता, मंग तुमच्यासमोर खायचं कसं? म्हणून घरीच उरकतो."

मग मच्छिंद्र घसा साफ करून म्हणाला, "मी भगर खातो. अन् आमटी. मृदंग वाजवायला जोर लागतो, शेठ."

शेठनी माझ्याकडं बघितलं. मी शिक्षक माणूस, खोटं बोलायची सोय नाही. "राजगिऱ्याचे लाडू," मी म्हणालो. "चार."

आता शेठ काकींकडं वळले. काकींनी ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती, आणि तिच्याआडून आवाज आला, "मास्तर, त्यांना सांगा, शिंगाड्याचा शिरा. स्वैपाकघराचं दार लावून."

डॉक्टरनी चष्मा काढून पुसला. "म्हंजे साऱ्या मंडळीत उपाशी माणूस एकच," ते म्हणाले, "अन् मोटार त्याच्याच हातात."

मला वाटलं, शेठ आता उठून जातील आणि पुन्हा आमचं तोंड बघणार नाहीत. मग त्यांनी विचारलं, "बुवा, रताळी उकडून का भाजून?"

"भाजून. गुळासंगं."

"अन् मला एकदाही विचारलं न्हाई."

"लाज वाटायची, शेठ, तुमच्याकडं बघून."

"माझी लाज वाटायची म्हणून तुम्ही चोरून खात होता, अन् मी तुमच्यापुढं कमी पडू नये म्हणून उपाशी." शेठच्या पोटातून हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग पोट. "देवाला बिचाऱ्याला कुणी काही विचारलंच न्हाई."

त्या दिवशी शहागडला आम्ही तिकीट काढून सर्विस मोटारीनं गेलो. कीर्तनात बुवांनी आधी हात जोडले आणि सांगितलं की चार महिने मी आजाराला भाव म्हणालो, ते माझं चुकलं; वाळूत मोटार ओढणाऱ्यांची माफी मागतो. इतका मोठा माणूस इतकं साधं बोलला की माझा टाळ चुकला.

डॉक्टरनी अट घातली: सुई घेऊन, फराळ करून आणखी दोन एकादश्या जाऊ द्यायच्या, तोवर चाकाला हात नाही. त्या दोन एकादश्या मोटार नवलकिशोरनं हाकली. त्याची साखर अगदी व्यवस्थित होती. मोटार मात्र एका कठड्याला, एका म्हशीला आणि देवळाच्या दीपमाळेला लागली. शेठ शेजारी बसून राजगिऱ्याचा लाडू खात होते आणि प्रत्येक धक्क्याला डोळे मिटत होते. उतरल्यावर ते मला म्हणाले, "मास्तर, डॉक्टरसाब माझी तपासणी करून राह्यले, ती बराबर आहे. पण ज्याला काही आजारच न्हाई, त्याची कोण करतं?"

तिसऱ्या एकादशीला सगळी मंडळी सकाळी शेठच्या ओसरीवर फराळाला बसली. बुवा, मच्छिंद्र, मी, सगळे उघड्यावर, एका पंगतीत. काकींनी शिरा वाढला, या खेपेला दार उघडं ठेवून. शेठनी पहिला घास घेताना डोळे मिटले, ओठ हलले. देवाशी काय बोलले ते मी विचारलं नाही. मग त्यांनी घास खाल्ला, आणि काकींना म्हणाले, "साजूक तुपात करतेस होय?"

तीन वाजता डॉक्टरनी त्यांना रानात नेलं. तिन्ही काठ्या, चुन्याची रेघ, मग पुन्हा उलटं. या वेळी फुलं घेऊन कुणी आलं नव्हतं. दाखल्यात डॉक्टरनी लिहिलं की मोटार चालवण्यास योग्य, मात्र सुई आणि उपास एका दिवशी आल्यास अयोग्य, निघताना दोनदा खाल्लेलं असावं, खिशात बत्तासे असावेत, आणि शेजारी बसणाऱ्यानं वाटेत अधूनमधून काही विचारावं. उत्तर धड आलं नाही तर मोटार थांबवावी.

शेजारी बसणारा मी. जालन्यापर्यंत मी तीनदा पाढे विचारले. चौथ्यांदा शेठ म्हणाले, "मास्तर, आता तुम्ही म्हणा, मी तपासतो." माझा एकोणतिसाचा चुकला.

टेंभुर्णीला कीर्तन झोकात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं करून आम्ही परत निघालो. हवा थंड होती, शेठ मजेत मोटार हाकत होते. बाभळीच्या रांगा मागं जात होत्या. मधेच ते आरशातून मागं बघून म्हणाले, "बुवा, एक विचारू?"

"विचारा."

"एकादशीचं कीर्तन मी आधी उपाशी पोटी ऐकायचो, मग चार महिने धुक्यातून. आता तीनदा खाऊन पूर्ण ऐकलं. आख्यान तुम्ही लांबवता हो. तो राजा वनात निघाला, तर वेशीपर्यंत पोचायलाच अर्धा तास."

मच्छिंद्रनं मृदंगाची खोळ तोंडाशी धरली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, कारण मला वीस वर्षं हेच म्हणायचं होतं.

बुवांनी दोन्ही हातांनी फेटा सारखा केला.

"शेठ," मग ते म्हणाले, "काल फराळ तुम्हाला जरा जास्तच झाला."

"न्हाई बुवा, बराबर झाला," शेठ म्हणाले, आणि समोरून येणाऱ्या कडब्याच्या गाडीला वाट देण्यासाठी त्यांनी मोटार अलगद कडेला घेतली.